मुंगीचे रूपक आणि विसरण्याची विद्या

'निसर्गाकडून शिकावे' हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. बिनतारी संवेदक-जाळ्यांचा इतिहास ती संधी देतो.

शेतात विखुरलेले छोटे संवेदक जमिनीतील ओल, हवेतील उष्णता मोजतात आणि ती माहिती एकमेकांच्या हातून मुख्य केंद्राकडे पोचवतात. 2000 नंतरच्या दशकात मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात 'ॲग्रीसेन्स' हे असेच जाळे मांडले होते. संवेदकाची शिदोरी म्हणजे त्याची बॅटरी. निरोप नेहमी जवळच्याच वाटेने गेले, तर त्या वाटेवरचे संवेदक सर्वांआधी विझतात. हिंगोली-वाशीम रस्त्यावरील कनेरगाव नाक्याच्या नावातच हा पेच सामावलेला आहे. नाका म्हणजे जेथून सर्वांना जावे लागते ती जागा, भारही तिच्यावरच.

या पेचावर मुंगीचा उतारा सुचला. 1989 मध्ये ब्रसेल्सच्या गॉस आणि सहकाऱ्यांनी वारूळ व अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब वाट ठेवली. ये-जा करताना मुंग्या गंध सोडतात. आखूड वाटेवर तो लवकर साचला आणि बहुतेक मुंग्या तिकडे वळल्या. या निरीक्षणावरून मार्को दोरिगो यांनी 1992 मध्ये मिलान येथील प्रबंधात गणनाची रीत उभी केली. पुढे 2006 मध्ये कामिलो आणि सहकाऱ्यांनी तिला संवेदक-जाळ्यासाठी नवे रूप दिले: वाटेवरचा गंध केवळ अंतरावर नव्हे, तर वाटेतल्या संवेदकांच्या उरलेल्या शक्तीवरही ठरू लागला.

परंतु त्याच प्रयोगाचा दुसरा भाग क्वचितच सांगितला जातो. आधी केवळ लांब वाट दिली आणि आखूड वाट अर्ध्या तासाने उघडली, तेव्हा मुंग्या जुन्याच वाटेला चिकटून राहिल्या. गंध पुरेसा लवकर उडाला नाही. दोरिगोंच्या रीतीत तो मुद्दाम वेगाने उडवला जातो. खरी मुंगी सहजी विसरत नाही. गणितातल्या मुंगीला विसरायला शिकवावे लागले.

म्हणजे रूपक उपयोगी पडले ते निसर्गाची नक्कल केली म्हणून नव्हे, तर नेमक्या जागी निसर्गाची साथ सोडली म्हणून. 2015 मध्ये केनेथ सोरेन्सेन यांनी जुन्याच रीतींना नव्या प्राण्यांची नावे देण्याच्या प्रघातावर कठोर टीका केली, ती याच दृष्टीने वाचावी. साम्य दाखवून रूपक सजते. त्याचा कस लागतो तो भेदाच्या ठिकाणी. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे नाही, पण शास्त्राच्या इतिहासातही ते तितकेच खरे ठरते.