घरात मॉडेल रेल्वे धावणार, पण जागा किती लागणार? खोली बघून स्केल असं निवडा

पुण्यात कोथरूडला असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहिलं की, अशी एक गाडी आपल्याही घरात धावावी असं अनेकांना वाटतं. मग थेट इंजिनाचा शोध सुरू होतो. पण त्याआधी ठरवायचं असतं ते स्केल. ते चुकलं तर रूळ, इंजिन, डबे असं सगळंच नव्यानं घ्यावं लागतं, कारण एका स्केलच्या गाड्या सहसा दुसऱ्या स्केलच्या रुळांवर चालत नाहीत.

स्केल म्हणजे काय?

खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे, ते सांगणारं प्रमाण. जगात सर्वात लोकप्रिय आहे एचओ, म्हणजे १:८७. त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं. एन स्केल साधारण १:१६० असून अंतर ९ मिमी. ओ यापेक्षा मोठं, तर झेड (१:२२०) त्याहून लहान.

जागेचा हिशोब कसा करायचा?

आपल्याकडचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. तो एचओमध्ये साधारण २७ सेंमीचा होतो, तर एनमध्ये १५ सेंमीचा. दहा डब्यांची गाडी करायची तर एचओमध्ये पावणेतीन मीटर लागतात. म्हणजे १० फुटांची भिंत जवळपास संपलीच! एनमध्ये दीड मीटरवर भागतं.

खरी अडचण वळणावर येते

वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या किमान तिप्पट असावी, असा ढोबळ नियम आहे. त्याहून कमी असेल तर डबे रुळांबाहेर झुकलेले दिसतात आणि घसरण्याची शक्यता वाढते. या लांब डब्यांना पूर्ण वळसा घ्यायला एचओमध्ये टेबल साडेपाच ते सहा फूट रुंद लागतं. एनमध्ये साडेतीन फूट पुरतं.

शिवाय आपला हात टेबलावर साधारण अडीच फुटांपर्यंतच पोहोचतो. भिंतीला टेकवलेल्या मोठ्या टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात गाडी घसरली, तर ती उचलणार कशी?

मग काय निवडायचं?

• बेड आणि कपाट असलेली छोटी बेडरूम: एन.
• ४ बाय ८ फुटांचं प्लायवूड मावत असेल: एचओ, पण डबे आखूड घ्या.
• फक्त भिंतीलगतची जागा: फूटभर रुंद फळीवर एचओ. गोल फेरी होणार नाही, पण यार्डातलं शंटिंग करता येईल.
• घरात लहान मुलं किंवा नजर कमजोर झालेली मंडळी: एचओ. एनचे डबे रुळांवर नीट बसवणं बोटांना आणि डोळ्यांना जड जातं.

खरेदीआधी एक काम नक्की करा. टेबलाच्या मापाचा चौकोन खडूने जमिनीवर काढा. तो काढूनही कपाटाचं दार उघडत असेल आणि बाजूने माणूस जात असेल, तरच ऑर्डर द्या.