कोणत्या वाळूत बसावे?

“मामा, तुम्ही इतिहास शिकवता, तर एवढे सांगाच. आम्ही आठ दिवस स्पेनला चाललो आहोत. दक्षिण किनाऱ्यावर, मालागाला. किनारे पन्नास, घरात माणसे तीन आणि मते चार! कोणत्या किनाऱ्यावर जाऊ?”

इंग्लंडहून भाच्याचा हा मजकूर मोबाईलवर आला तेव्हा मी सातवीच्या वह्या तपाशीत बसलो होतो. मला हसूच आले. मी पडलो सोलापूरकर. पाणी म्हणजे हिप्परग्याचे तळे, एवढेच आमचे सागरदर्शन! स्पेन तर मी फक्त पुस्तकांत पाहिलेला. “त्याला सांगा, आधी गोव्याला जा,” असा सल्ला आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून दिला. मी मात्र नकाशा काढून बसलो. त्याला कारण होते.

गेल्या मे महिन्यात भाचा सहकुटुंब आला होता. त्याचा मुलगा दहा वर्षांचा. हुशार, गोड, पण चौथ्या दिवशी कंटाळून म्हणाला, “आजोबा, सोलापुरात तर काहीच नाही.” मी त्याला भुईकोट किल्ला दाखविला, सिद्धेश्वराचे तळे दाखविले, शेंगाचटणी खाऊ घातली. त्याचे वाक्य काही मागे घेतले गेले नाही. ते माझ्या मनात काट्यासारखे राहिले होते.

तर नकाशा. जिब्राल्टरच्या खडकापासून पूर्वेला हा किनारा सुरू होतो. मागे डोंगर, पुढे भूमध्य समुद्र आणि वर्षाचे बहुतेक दिवस ऊन; म्हणून स्पॅनिश लोक याला ‘सूर्याचा किनारा’ म्हणतात. पश्चिमेकडचे तोर्रेमोलिनोस हे भाच्याच्या बायकोचे आवडते, असे कळले. नावाचा अर्थ बुरूज आणि गिरण्या. साठसत्तर वर्षांपूर्वी हे कोळ्यांचे गाव होते. १९५९ मध्ये स्पेनने आपल्या चलनाची किंमत उतरविली, त्याच वर्षी येथे एक भव्य हॉटेल उघडले, आणि थंडीला कंटाळलेला सारा उत्तर युरोप येथे येऊन आडवा झाला. तेथे छत्र्या आहेत, खुर्च्या आहेत, आइस्क्रीम आहे. इतिहासाच्या मास्तराला तेथे फार काम नाही.

खुद्द मालागा शहर मात्र फार जुने. सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन व्यापारी येथे आले. त्यांच्या वसाहतीचे नाव मालाका. पुढे रोमन आले, अरब आले. १४८७ मध्ये फर्डिनंड आणि इझाबेला यांनी शहराला वेढा घातला तो मे ते ऑगस्ट चालला, आणि शहर पडल्यावर त्यांनी बहुतेक रहिवाशांना गुलाम केले. इझाबेलेचे नाव घेताना कोलंबसाबरोबर हेही आठवावे, असे मी वर्गात सांगत असतो.

या शहराच्या पश्चिम अंगाला सान आंद्रेस नावाची पुळण आहे. येथे मी बराच वेळ अडकलो. १८३१ साली स्पेनवर सातव्या फर्डिनंडचे एकतंत्री राज्य होते. राज्यघटना पुन्हा आणावी म्हणून जनरल तोरिहोस हा जिब्राल्टरमध्ये बसून धडपडत होता. त्याला मालागाहून गुप्त पत्रे येऊ लागली : तुम्ही या, फौज तुम्हाला मिळेल. पत्रांखाली टोपणनाव असे. लिहिणारा होता मालागाचा गव्हर्नर स्वतः! तोरिहोस साठेक माणसे घेऊन निघाला, किनाऱ्याला लागला आणि अलगद सापडला. ११ डिसेंबर १८३१, रविवार. खटला नाही, सुनावणी नाही. त्याला आणि अठ्ठेचाळीस सोबत्यांना याच वाळूत गोळ्या घातल्या. पुढे १८८८ मध्ये गिस्बेर्त या चित्रकाराने तो प्रसंग रंगविला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ते प्रचंड चित्र आहे. त्याची छापील प्रत मी पाहिली आहे. मध्ये तोरिहोस, दोन्ही हातांत सोबत्यांचे हात, पायांशी आधी पडलेल्यांची प्रेते आणि मागे अगदी शांत, करडा समुद्र.

त्या रांगेत एक परदेशी तरुण होता, रॉबर्ट बॉइड. हा आयरिश तरुण पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानी फौजेत लेफ्टनंट होता. वारशाने पाच हजार पौंड हाती आले, ते त्याने तोरिहोसच्या कार्यात घातले आणि पाठोपाठ स्वतःही गेला. आपल्याकडे कंपनीसाठी चाकरी केलेला माणूस परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी मरतो, हे गणित मला अजून सुटलेले नाही. त्याचे दफन तरी नीट झाले. त्या काळी मालागात प्रोटेस्टंट मेला तर त्याला कॅथॉलिक स्मशानात जागा नसे. रात्री मशालींच्या उजेडात किनाऱ्यावर वाळूत उभा पुरीत, आणि पुढचे काम लाटांवर सोडीत. इंग्रज वकील विल्यम मार्क याने खटपट करून स्मशानासाठी जमीन मिळविली ती नुकतीच. बॉइड तेथे विसावला.

हे सारे भाच्याला कळवावे की नाही? त्याने मजकुराच्या शेवटी लिहिले होते, “मामा, पोराची सुट्टी आहे हं, तास नको.”

म्हणून मी पूर्वेकडे सरकलो. शहराच्या त्या टोकाला एल पालो नावाची जुनी कोळी वस्ती आहे. तेथे सार्डिन मासे बोरूच्या काडीत ओवतात आणि काडी वाळूत रोवून लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजतात. जुन्या होडीत वाळू भरून तिचीच चूल करण्याची तऱ्हा आहे. १८८४ च्या डिसेंबरात या भागात मोठा भूकंप झाला. राजा बारावा आल्फोन्सो पुढच्या महिन्यात पाहणीला आला. तो येथल्या एका खाणावळीत जेवायला बसला, म्हणतात, आणि काटाचमचा उचलू लागताच मालक म्हणाला, महाराज, असे नव्हे, बोटांनी! ही गोष्ट मला मनापासून पटली. आमच्या घरीही ती सर्वांना पटली.

एल पालोच्या पुढे रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत शिरतो आणि अल्मेरियापर्यंत दोनशे किलोमीटर जातो. १९३७ च्या फेब्रुवारीत फ्रँकोच्या आणि इटलीच्या फौजा मालागात घुसल्या तेव्हा लाखाहून अधिक माणसे या रस्त्याने पायी निघाली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, गाढवांवर बिछाने. डावीकडे कडे, उजवीकडे पाणी. पळायला जागा नाही. समुद्रातून युद्धनौकांनी तोफा डागल्या, वरून विमानांनी मारा केला. तीन ते पाच हजार माणसे मेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज जेथे छत्र्या लागतात, त्या पुळणींच्या काठाने हा रस्ता जातो.

त्या गर्दीत उलट्या दिशेने, अल्मेरियाकडून, एक मोटार आली. तिच्यात जखमी सैनिकांसाठी रक्ताच्या बाटल्या होत्या आणि एक कॅनडाचा डॉक्टर. त्याने गाडी रिकामी केली आणि आधी मुले भरली. मग खेपांमागून खेपा, रात्रंदिवस. त्याचे नाव नॉर्मन बेथ्यून. मालागा शहराने २००६ मध्ये किनाऱ्यावरच्या एका वाटेला ‘कॅनडावाल्यांचा पदपथ’ असे नाव दिले. ती ‘कावळ्याचा खडक’ म्हणतात त्या पुळणीजवळ आहे.

बेथ्यून हे नाव वाचले आणि मी वह्या बाजूला सारल्या. स्पेनमधून हा डॉक्टर चीनला गेला आणि १९३९ मध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करताना झालेल्या जंतुदोषाने वारला. त्याच्या स्मरणार्थ जे रुग्णालय चालू झाले, त्याचा प्रमुख कोण झाला? द्वारकानाथ कोटणीस! आमच्या सोलापूरचा. तोही तेथेच १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी गेला. गेल्या मे महिन्यात कोटणिसांच्या स्मारकावरून आमची रिक्षा गेली होती. पोरगा तेव्हा उसाचा रस पीत होता, आणि मीही उन्हाने इतका त्रासलो होतो की रिक्षा थांबविली नाही. काहीच नाही म्हणाला त्यात त्याचा काय दोष?

आणखी पूर्वेला अल्मुन्येकार. बगदादकडच्या अब्बासींनी घराण्याची कत्तल केली तेव्हा अब्द अल रहमान नावाचा एक उमय्या राजपुत्र युफ्रेटिस नदी पोहून सुटला. धाकटा भाऊ मागे वळला, तो त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला. वणवण करीत हा ७५५ मध्ये येथे उतरला आणि वर्षभरात कोर्दोबाचा अमीर झाला. अरबांनी या किनाऱ्यावर ऊस आणला. आपली शर्करा अरबीत सुक्कर झाली, स्पॅनिशमध्ये आसुकार. ऊस आता तेथे राहिला नाही, पण आपल्या सीताफळाची बहीण शोभेल अशा चिरिमोयाच्या बागा पुष्कळ आहेत. “बार्शीच्या सीताफळाची सर यायची नाही,” इति सौभाग्यवती.

रात्री मी उत्तर लिहिले. सूनबाईंना तोर्रेमोलिनोस दोन दिवस द्यावे. घरात शांतता हवी. एक दुपार एल पालो, बोटांनी. आणि एक दिवस जुन्या रस्त्याने अल्मुन्येकार. जाताना कावळ्याच्या खडकाशी गाडी थांबवावी आणि पोराला माझ्याशी फोनवर बोलू द्यावे. तास नाही, पाच मिनिटे. सान आंद्रेसबद्दल मी काही लिहिले नाही. तो मोठा झाल्यावर लिहीन.

फोन आला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ होती. मागे लाटांचा आवाज येत होता. मी रस्त्याची गोष्ट सांगितली, मोटारीची सांगितली, मुले आधी भरली ते सांगितले. मग चीन, मग कोटणीस. पलीकडे थोडा वेळ नुसताच समुद्र.

“ते घर कुठे आहे, आजोबा?”

“आपण रस प्यायलो ना, तिथून जवळच.”

“मग तुम्ही तेव्हा का नाही थांबलात?”

मी म्हणालो, “चुकलेच बाबा.”