डबलबारीला परीक्षक नाही
खारेपाटणपासून मालवणपर्यंत सिंधुदुर्गात रात्र जागवणाऱ्या भजनाच्या डबलबारीत दोन बुवा आमनेसामने उभे ठाकतात, पण निकाल देणारा परीक्षक सहसा नसतो. माझ्या मते तिच्या स्थित्यंतराचे मूळ इथेच आहे. परीक्षक असला की काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथे १९७१ साली ढोल-बिगुल पथकांच्या स्पर्धा घेणारी 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही संस्था निघाली. या पथकांचे वादन गुणपत्रिकेच्या धाकाने वळत गेले. डबलबारीला वळवले ते श्रोत्याने, आणि हा श्रोता अर्धा गावात, अर्धा मुंबईच्या गिरणगावात होता. लालबाग-परळच्या चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या कोकणी कामगारांनी भजनी मंडळे जगवली आणि देवळातली सेवा तिकिटाच्या नाट्यगृहापर्यंत नेली. तिकीट काढणाऱ्याला नमन, रूपाचा अभंग, गौळण, गजर हवेच होते. पण समोरच्या बुवाला टाकलेला सवाल आणि पखवाज-झांजेची चढती लयही हवी होती. गिरणी कामगारांच्या १९८२च्या संपाने गिरणगाव खचले, बारी मात्र टिकली, कारण चाकरमान्यांचे गावाशी नाते पगारापुरते नव्हतेच.

सिनेमाच्या चालींनी भक्ती बाटली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. कीर्तनकारांनी नाट्यपदांच्या चाली घेतल्याच होत्या, आणि चाल ओळखीची असली की कोरसही मोकळा होतो. सवालांचा दर्जा घसरल्याची तक्रार मात्र खरी आहे. पुराणातल्या प्रश्नाला उत्तर द्यायला बुवाला ग्रंथ वाचावे लागत. वैयक्तिक उणीदुणी काढायला काहीच वाचावे लागत नाही.