अंड्याचा रंग

कस्टर्ड म्हटले की आमच्यासमोर लग्नाच्या पंगतीतले फ्रूट सॅलड उभे राहते. स्टीलच्या वाटीत पिवळसर घट्ट दूध, त्यात केळ्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे. वसमत तालुक्यातील हट्टा या आमच्या गावी कस्टर्ड आले ते याच रूपात. त्याच्या पिवळेपणाचे आम्हांला कधी नवल वाटले नाही; हळदीच्या मुलखात ते कोणाला वाटणार? तो रंग मुळात अंड्याच्या बलकाचा आहे, हे आम्हांला कळले पुढे, परभणीत शिकत असताना, भाड्याच्या खोलीत एक इटालियन पदार्थ करू गेलो तेव्हा.

पदार्थाचे नाव झाबायोने. अंड्याचे बलक, साखर आणि मार्साला नावाची मदिरा, एवढेच त्याचे जिन्नस. नेपल्सकडच्या पंधराव्या शतकातील पाककृतींच्या हस्तलिखितात त्याचा पूर्वज सापडतो. पेल्लेग्रिनो आर्तुझी याने 1891 साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या आणि पुढे इटलीच्या घराघरांत पोहोचलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकातही तो आहे. मात्र ज्याला अस्सल इटालियन म्हणावे, त्यातही परका हात असतोच. सिसिलीतील मार्साला बंदराची ही मदिरा जगाच्या बाजारात नेली ती 1773 च्या सुमारास जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने.

आमच्याकडे मार्साला नव्हती. मोसंबीचा रस होता. पहिल्या वेळी पातेले थेट गॅसवर ठेवले आणि पाहता पाहता त्याची गोड भुर्जी झाली. बलक साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसला दाटू लागतो. उष्णता त्यापुढे गेली की त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून दुसऱ्या वेळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे धरले आणि काट्याने आळीपाळीने फेटत राहिलो. दहाएक मिनिटांनी भांड्यात फिकट पिवळा, हलका फेस दाटून आला. डब्यातल्या कस्टर्डाचा भडक पिवळा याची नक्कल आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

ही नक्कल केली कोणी? बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याने. त्याच्या पत्नीला अंडे सोसत नसे. तिलाही कस्टर्ड खाता यावे म्हणून त्याने 1837 मध्ये कॉर्नफ्लॉर वापरून बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. पुढे कस्टर्ड पावडरीतून अंडे गेले, त्याचा रंग मात्र राहिला. एका स्त्रीच्या प्रकृतीसाठी निघालेली ही युक्ती भारतात अगदी वेगळ्या कारणाने रुजली. इथे अंडे पोटाला नव्हे, चुलीला चालत नव्हते. 1956 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वीकफिल्डसारख्या कंपन्यांचे डबे पुढे दुकानादुकानांत दिसू लागले आणि कस्टर्ड कोणत्याही पंगतीत निःशंकपणे वाढता येऊ लागले.

याचा अर्थ अंडे मराठी स्वयंपाकाला परके होते असा नव्हे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 1910 च्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' या ग्रंथात सामिष पदार्थांना मानाचे स्थान आहे. आमच्या गावातही कोंबड्या पाळणारी आणि अंडी खाणारी घरे कमी नव्हती. शिवाय अंड्यावाचून घट्ट होणारा पदार्थ आमच्याकडे पूर्वापार होताच. व्यालेल्या गाईम्हशीच्या चिकातील प्रथिने वाफेवर आपोआप थिजतात आणि खरवस होतो. तो कशाची नक्कल करत नाही, म्हणून त्याला रंग लावावा लागत नाही.

तेव्हा प्रश्न चवीचा नाही. चार जण एकत्र जेवतात तेव्हा नेम कोणाचा चालतो, हा प्रश्न आहे. आमची खोली मिळाली ती अंडे शिजवणार नाही या अटीवर. झाबायोने आम्ही खिडकी लावून केला आणि टरफले वर्तमानपत्रात गुंडाळून दूरच्या उकिरड्यावर टाकली. त्या वेळी आम्ही यावर खूप हसलो होतो. आमच्यातला एक जण तेवढा हसला नाही. आडनाव सांगताच त्याला त्याआधी दोन खोल्या नाकारल्या गेल्या होत्या. अंड्याची अट ही पुष्कळदा दुसऱ्या, न उच्चारलेल्या अटीची सभ्य भाषा असते, हे तो आमच्या आधी शिकला होता.

हाच प्रश्न पुढे सरकारी शाळांच्या ताटातही दिसला. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले. न खाणाऱ्यांसाठी केळ्याची सोय होती. म्हणजे कोणावर सक्ती नव्हती. तरीही विरोध झाला आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला. ज्यांना अंडे नको त्यांना केळे होते. ज्यांना हवे त्यांच्यासाठी बर्डसाहेबांची कोणतीही युक्ती उपयोगाची नव्हती, कारण प्रथिनांची नक्कल रंगाने होत नाही.

बर्डने अंडे काढले ते एका माणसाला पंगतीत बसता यावे म्हणून. आपण ते काढतो तेव्हा पंगतीतून कोण उठते, एवढे तरी पाहायला हवे. फ्रूट सॅलड आम्हांला आजही आवडते. मात्र वाटी हातात आली की आधी त्या रंगाकडे लक्ष जाते, आणि परभणीतली ती लावलेली खिडकी आठवते.