वितान : ताणलेल्या छायेचा इतिहास

शाळेच्या अंगणावर कापडी छाया करावयाची असता चर्चा बहुधा कापडाची जात आणि खांबांची संख्या यांपुरतीच राहते. मराठीत मांडव 'घालतात'. म्हणजे खांब रोवून त्यांवर आच्छादन टाकतात आणि त्याचा भार खांब पेलतात. संस्कृतातील 'वितान' या छतवाचक शब्दामागील कल्पना निराळी आहे. 'तन्' म्हणजे ताणणे, या धातूपासून तो सिद्ध झाला. लॅटिनमधील तंबूवाचक 'टेन्टोरियम' हा शब्दही ताणणे याच अर्थाच्या 'टेन्डेरे' या क्रियापदापासून निघाला असून, हे दोन्ही धातू एकाच इंडो-युरोपीय मूळाचे आहेत. टाकलेले आच्छादन आणि ताणलेले आच्छादन यांतील हा भेदच कापडी छायेच्या इतिहासाचा गाभा होय.

प्राचीन रोमने या विद्येचा मोठा प्रयोग केला. थोरल्या प्लिनीच्या मते नाट्यगृहावर लिननचे छत प्रथम पसरविले ते क्विंटस कॅटुलस याने, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. पाँपेई येथे भिंतींवर रंगविलेल्या खेळांच्या जाहिरातींत छताची सोय असल्याचे आवर्जून कळविलेले आढळते. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कलोसियमच्या माथ्यावर डोलकाठ्या रोवण्याची व्यवस्था होती, आणि तेथील छत हाताळण्याचे काम मिसेनमच्या आरमारातील खलाशांकडे असे. शिडाची विद्या ज्यांना अवगत, त्यांच्याकडेच छायेचे काम यावे, यात नवल नाही. तथापि वारा सुटला की छत पसरता येत नसे, हे कवी मार्शलने नोंदविले आहे. सपाट पसरलेले कापड वाऱ्याने फडफडते आणि पावसाचे पाणी साठून त्याला झोळ पडतो.

या दोषाचे शास्त्रीय निरसन विसाव्या शतकात झाले. जर्मन वास्तुशिल्पी फ्राय ओटो (१९२५–२०१५) याने १९५४ मध्ये लोंबत्या छपरांवर प्रबंध लिहिला. पुढच्याच वर्षी कासेल येथील उद्यान-प्रदर्शनात, तंबू बनविणारे पीटर श्ट्रोमायर यांच्या साहाय्याने, त्याने वादकांसाठी चार टोकांचे सुती छत उभारले. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन सखल होते. त्यामुळे कापड खोगिरासारखे वळते : उंच कोपऱ्यांच्या दरम्यान ते खाली झुकते, सखल कोपऱ्यांच्या दरम्यान कमानीसारखे उचलले जाते. वारा वरून दाबो अथवा खालून उचलो, एका दिशेचे धागे त्यास विरोध करतातच. माँट्रियल येथील १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातील जर्मन दालन हा याच विचाराचा विस्तार होता.

महाराष्ट्रातील शाळेच्या अंगणास या इतिहासाचा उपयोग उघड आहे. कोपऱ्यांच्या उंचीत फरक ठेवल्यास ताणही टिकतो आणि पाणीही वाहून जाते. मात्र ताणलेले कापड खांबांना सतत आत ओढते. म्हणून पायाचा खर्च टाळून चालत नाही. छायेचे गणितही निराळे मांडावे लागते. पुण्यास मे महिन्याच्या मध्यास दुपारचा सूर्य माथ्यावर येतो आणि छाया कापडाखालीच पडते. परंतु सूर्य ४५ अंशांवर असता ४ मीटर उंचीच्या कापडाची छाया ४ मीटर दूर सरते. मधल्या सुट्टीत मुले कोठे बसतात, हे पाहूनच कापडाची जागा ठरली पाहिजे. मांडव घालण्याच्या सवयीने केलेले छत पहिल्या वादळात फाटते, आणि मुले पुन्हा उन्हात बसतात.