लाटणं घरी, तराजू केंद्रात



सध्या कितीतरी घरांत एकच वाद चालू आहे. कंपनी म्हणते ऑफिसला या, लेकी-सुना म्हणतात घरूनच करू. मार्च 2020 च्या लॉकडाऊननंतर ‘वर्क फ्रॉम होम’ आपल्या तोंडी बसलं, पण बायकांना ते नवीन नाही.

15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेतले आणि इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. तेच आपलं ‘लिज्जत’. सुरुवातीला सगळ्या एकत्रच लाटत. पुढे बायका वाढल्या, जागा पुरेना. मग पीठ केंद्रात मळायचं, प्रत्येकीने आपल्या वाट्याचं घरी न्यायचं आणि लाटून वाळवलेले पापड परत आणून द्यायचे, अशी रीत पडली.

मला यातली खरी गंमत तराजूत दिसते. किती तास बसलीस, हे कुणी विचारत नाही. पापड कसा झाला ते पाहतात, वजन करतात आणि त्यावर मजुरी देतात. शिवाय प्रत्येक सभासद बहीण संस्थेची मालकीण, नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो.

दुसरीकडे सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायका बघा. त्याही घरीच काम करतात, पण कच्चा माल दुसऱ्याचा, आणि विडी चांगली की वाईट हे ठरवणाराही दुसराच. घरी विड्या वळणारीही कामगारच, हे 1966 च्या विडी कामगार कायद्यात लिहावं लागलं. घरात केलेलं काम लोकांना काम वाटतच नाही ना!

2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यातही सोय झाली. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालकाची संमती असेल, तर घरून काम करता येतं. म्हणजे दोघांनी बसून अटी ठरवायच्या.

म्हणून घर की ऑफिस, एवढ्यावर वाद थांबवू नये असं मला वाटतं. लेकीला विचारा, घरून केलेलं तुझं काम मोजलं जातं का? बढतीच्या वेळी तुझं नाव निघतं का? घरच्यांना ते काम वाटतं का, की लॅपटॉप उघडा असतानाही कुकर तूच लावतेस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर आपल्याच हातात आहे.