नवलाईची ऑनलाइन जाहिरात: पैसे वसूल होतात का?

मीम, फिल्टर, चॅलेंज, एखाद्या मोठ्या पेजवरची 'हटके' पोस्ट. दर काही महिन्यांनी जाहिरातीचा नवा प्रकार गाजतो आणि छोट्या व्यावसायिकाला वाटतं, आपणही करून बघावं. पण त्यात घातलेले पैसे परत येतात का? हे समजून घ्यायला इंटरनेटवरचं एक गाजलेलं उदाहरण पाहू.

मिलियन डॉलर होमपेज काय होतं?

२००५ साली इंग्लंडमधला ॲलेक्स ट्यू हा २१ वर्षांचा तरुण कॉलेजचा खर्च भागवण्याच्या विचारात होता. २६ ऑगस्टला त्याने एक वेबपेज सुरू केलं. त्यावर १००० बाय १००० म्हणजे दहा लाख पिक्सेलची चौकट होती. पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा बारीक ठिपका. एका पिक्सेलची किंमत १ डॉलर. एका ठिपक्यात काहीच दिसणार नाही, म्हणून किमान १० बाय १० चा, म्हणजे १०० डॉलरचा तुकडा घ्यावा लागे. त्यात जाहिरातदाराचं छोटं चित्र असे आणि त्यावर क्लिक केलं की त्याची वेबसाइट उघडे.

पहिले पिक्सेल मित्रांनी आणि घरच्यांनी घेतले. त्या पैशांतून ट्यूने प्रसिद्धिपत्रक काढलं. माध्यमांनी बातमी उचलली आणि विक्री वाढत गेली. शेवटचे १००० पिक्सेल जानेवारी २००६ मध्ये ईबेवरच्या लिलावात ३८,१०० डॉलरला गेले. एकूण जमा झाले १०,३७,१०० डॉलर.

जाहिरातदारांना काय मिळालं?

इथे हिशोब बदलतो. लोक ते पेज बघायला येत होते, जाहिराती बघायला नाही. सुरुवातीला जागा घेणाऱ्यांना बातम्यांमुळे आलेल्या गर्दीचा वाटा मिळण्याची संधी तरी होती. पण पेज भरत गेलं तशी प्रत्येक जाहिरात हजारोंच्या दाटीत हरवली.

हार्वर्ड लॉ स्कूलच्या लायब्ररी इनोव्हेशन लॅबने २०१७ मध्ये या पेजवरच्या २,८१६ लिंक तपासल्या. ५४७ लिंक उघडतच नव्हत्या आणि ४८९ भलत्याच पत्त्यावर जात होत्या. म्हणजे पेज टिकलं, पण तीनपैकी एकाहून जास्त जाहिराती मूळ ठिकाणी नेत नव्हत्या.

नक्कल का चालली नाही?

पिक्सेल विकणाऱ्या ढीगभर वेबसाइट लगेच निघाल्या, पण दुसऱ्यांदा बातमी कोण करणार? खुद्द ट्यूने २००६ च्या अखेरीस 'पिक्सलोटो' काढली. त्यात पिक्सेलचा दर २ डॉलर होता आणि जाहिरातींवर क्लिक करणाऱ्यांपैकी एकाला बक्षीस मिळणार होतं. तीही पहिल्या यशाच्या जवळपास पोहोचली नाही.

बॅनर जाहिरातींचंही हेच झालं. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड'वर एटी अँड टी कंपनीचा बॅनर आला, तेव्हा तो पाहणाऱ्या शंभरातल्या सुमारे ४४ जणांनी त्यावर क्लिक केलं असं सांगितलं जातं. आज साध्या बॅनरला शंभरात एक क्लिक मिळणंही अवघड आहे. डोळ्यांना सवय झाली की नवलाई संपते.

मग कधी फायदा होतो?

नवलाई वस्तूशीच जोडलेली असेल तेव्हा. अमेरिकेतल्या 'ब्लेंडटेक' या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने २००६ पासून छोटे व्हिडिओ टाकले. संस्थापक टॉम डिक्सन गोट्या, गोल्फचे चेंडू, पुढे तर आयफोनसुद्धा मिक्सरमध्ये टाकून दाखवत. लोक गंमत बघायला येत आणि मिक्सरची ताकद बघून जात. गंमत आणि माल वेगळे नव्हते.

स्वतःचा हिशोब कसा मांडायचा?

समजा, तुम्ही घरगुती मसाले विकता. एका हटके पोस्टवर ५,००० रुपये घातले. ती ५०,००० लोकांनी पाहिली, ४०० जणांनी चौकशी केली आणि ४ जणांनी माल घेतला. म्हणजे एक ग्राहक १,२५० रुपयांना पडला. एका ऑर्डरमागे १५० रुपये सुटत असतील, तर त्याने किमान ९ वेळा माल घेतला तरच खर्च निघेल. ५०,००० हा आकडा या हिशोबात कुठेच येत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा:

- लोकांच्या लक्षात काय राहील, गंमत की तुमचा माल?
- हा प्रकार नवा आहे, की सगळे करून झाल्यावर तुमच्यापर्यंत आला आहे?
- या जाहिरातीतून किती ग्राहक आले, हे वेगळा कूपन कोड किंवा वेगळा नंबर देऊन मोजता येईल का?
- सगळे पैसे बुडाले तरी धंद्याला धक्का लागणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'लागेल' असं असेल, तर आधी थोड्या पैशांत करून बघा. मिलियन डॉलर होमपेजवर पैसे कमावले ते जागा विकणाऱ्याने, आणि जागा विकणारा तुम्हाला फक्त बघणाऱ्यांचा आकडा सांगेल. घेणाऱ्यांचा आकडा तुम्हालाच मोजावा लागतो.